ती कशी होती ते विचारू नका

आमच्या इमारतीत जयमालाताई कासारे चौथ्या मजल्यावर राहतात आणि मी तिसऱ्या. आम्ही उलव्यात राहायला आलो तेव्हा इथले अर्धे प्लॉट रिकामे होते आणि पाणी टँकरने यायचं. ताई मूळच्या महाडकडच्या. त्यांचे मिस्टर, चंद्रशेखरभाऊ, न्हावा शेव्याच्या कंटेनर यार्डात क्रेन चालवायचे. ताई जवळच्या गावठाणात अंगणवाडी सेविका आहेत. वर्गभर गोंधळ घालणाऱ्या पोरांना एका हाकेत बसवणारा त्यांचा आवाज. जिन्यात उभं राहून त्या साधं ‘दूध आलं का गं’ म्हणाल्या तरी गच्चीवर वाळवण घालणारी बाई ‘हो, आलं’ म्हणून उत्तर देते.

त्यांना एकच मुलगी, दीक्षा. बी.कॉम. झाली आणि बंदराजवळच्या एका कस्टम एजंटच्या ऑफिसात कागदपत्रांच्या कामाला लागली. बडबडी होती. स्कूटी वेड्यासारखी पळवायची आणि त्यावरून आईची बोलणी खायची. ऑफिसातला एक सुपरवायझर तिच्या मागे लागला होता. तिने त्याला तोंडावर नाही म्हणून सांगितलं, तरी ऐकेना, तेव्हा मालकाकडे तक्रार केली. मालक म्हणाला, “जुना माणूस आहे, जरा सांभाळून घे.” त्यानंतर काही आठवड्यांनी एका संध्याकाळी दीक्षा घरी आली नाही. फोन बंद. सकाळ होताच ताई आणि भाऊ पोलीस ठाण्यात गेले.

तिथे इन्स्पेक्टर वामन निमसे बसले होते. त्यांनी पहिलं विचारलं, “मित्र किती आहेत तिला?” मग, “घरात भांडण झालेलं का?” शेवटी म्हणाले, “जा घरी, येईल दोन-तीन दिवसांत. अशा मुली येतात परत.” ताईंनी त्या सुपरवायझरचं नाव सांगितलं. निमशांनी मान डोलावली, लिहून मात्र घेतलं नाही. पुढचे तीन दिवस ते दीक्षाच्या कॉलेजातल्या मुलांना एकेक करून बोलावत होते आणि तो सुपरवायझर रोज ऑफिसात येऊन चहा पीत होता.

चौथ्या दिवशी ओहोटीला राहीबाई नावाची खाडीकाठच्या गावातली एक म्हातारी निवट्या मासे धरायला चिखलात उतरली होती. तिला खारफुटीत दीक्षा सापडली. राहीबाईने डोक्याचा फडका सोडला, मुलीच्या अंगावर घातला आणि पोलीस येईपर्यंत तिच्याजवळ बसून राहिली. बघायला जमलेल्या लोकांना तिने शिव्या घालून लांब हाकललं.

त्यानंतर मात्र निमशांनी झपाट्याने काम केलं. हे ताईसुद्धा मान्य करतात. गावी पळालेल्या सुपरवायझरला तिथून उचललं, पुरावे नीट गोळा केले, त्याला जन्मठेप झाली. दोघांमध्ये कसलेही संबंध नव्हते, मुलगी पहिल्यापासून नकारच देत होती, असं कोर्टाने निकालात लिहिलं. ताई अंगणवाडीत परत जायला लागल्या. भाऊंनी नोकरी सोडली. ते दिवसभर गॅलरीत बसून नव्या विमानतळाच्या दिशेने बघत असत. एवढंच त्यांचं आयुष्य उरलं होतं आणि ते त्यांनी कसंबसं रुळावर आणलं होतं.

मागच्या वर्षी टीव्हीवर ती मालिका आली. तिचं नाव मी इथे लिहीत नाही. माझ्याकडून तिची आणखी जाहिरात नको. ‘सत्य घटनेवर आधारित’ असं आधी दाखवायचे. सोसायटीच्या ग्रुपवर कोणीतरी जाहिरात टाकली आणि खाली लिहिलं, ‘अरे, ही तर आपल्या उलव्याची स्टोरी.’ कासाऱ्यांना कोणी काही विचारलं नव्हतं. गावाचं नाव बदललेलं, मुलीचं नाव रिया. पण बंदर होतं, कस्टमचं ऑफिस होतं, स्कूटीसुद्धा होती.

पहिला भाग आम्ही तिघांनी ताईंच्या घरी बघितला. मीच म्हणाले होते, नका बघू. ताई म्हणाल्या, “जग बघणार आणि मी नको?”

मालिकेतली रिया बारमध्ये नाचत होती. फोनवर एकाच वेळी तिघांना झुलवत होती. सुपरवायझर बिचारा तिच्या प्रेमात बुडालेला, तिने फसवलेला. आणि या सगळ्याच्या मध्ये तपास अधिकारी अभय, झोप न झालेला, दाढी वाढलेला, एकटा. मग खाडीतला प्रसंग आला. कॅमेरा त्या मुलीच्या पायांपासून सुरू झाला आणि सावकाश वर सरकत गेला. ओले कपडे, फाटलेली बाही. भाऊ उठून गॅलरीत गेले. अभय प्रेताजवळ उभा राहून म्हणाला, “अशा मुली स्वतःच्या मरणाला स्वतःच पत्ता देऊन ठेवतात.”

ताईंनी शेवटपर्यंत बघितलं. टीव्ही बंद करून म्हणाल्या, “राहीबाईचा फडका कुठाय?”

ते ‘पत्ता देऊन ठेवतात’ वाक्य आठवडाभर सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत होतं. कॉलेजातली पोरं त्यावर व्हिडिओ करत होती. भाजीच्या गाडीवर एक बाई ताईंना म्हणाली, “आम्हाला ठाऊकच नव्हतं हो, तिचं असं काही असेल.” आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी आशुतोष घरी येऊन म्हणाला, “ताई, टेन्शन घेऊ नका, फक्त बिल्डिंगचं नाव कुठे येऊ देऊ नका. लोक फ्लॅट बघायला येतात.”

ताई प्रत्येकाला समजावत सुटल्या. ती कधी बारमध्ये गेली नाही. ती आठच्या आत घरात असायची. तिचा कोणी मित्र नव्हता, कोर्टानेच लिहिलंय. लिफ्टमध्ये, दुकानात, अंगणवाडीच्या दारात. लोक हो हो म्हणायचे आणि त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं की आई आहे, असं बोलणारच. चॅनेलला ताईंनी पत्र पाठवलं. उत्तर आलं की सर्व पात्रे काल्पनिक आहेत.

मग एका रविवारी दुपारी एक मुलगी ताईंचा पत्ता शोधत आली. तोंडाला स्कार्फ बांधलेला. तिने तो सोडला आणि मी दचकले. ती मालिकेतली रिया होती.

तिचं नाव मनस्वी. ऐरोलीत एका आयटी कंपनीच्या बॅक ऑफिसात काम करायची आणि सुट्टीत लहानसहान भूमिका. ताईंनी तिला आत घेतलं, पाणी दिलं आणि समोर बसल्या.

“तुला काय सांगितलेलं तिच्याबद्दल?” ताईंनी विचारलं.

“काहीच नाही, काकू. माझे तीनच सीन होते. नाच, भांडण आणि बॉडी. बॉडीच्या सीनला मी म्हटलं, अंगावर काहीतरी टाका ना. तर म्हणाले, मग प्रेक्षक थांबणार कशाला.”

“मग आता का आलीस?”

मनस्वीने मोबाइल पुढे केला. तिच्या खात्यावर लोकांनी लिहिलेलं होतं. सगळं इथे देता येणार नाही. एकाने लिहिलं होतं, ‘बरं झालं मेलीस.’ दुसऱ्याने, ‘तुझ्यासारख्यांना असंच पाहिजे.’ असे शेकड्यांनी.

“मी तर नुसती भूमिका केली,” ती म्हणाली. “मी त्यांचं काय केलंय? आणि काकू, खरं सांगते, मी बारमध्ये जाते कधीकधी. मित्र पण आहेत मला. ऑफिसची शिफ्ट सुटते तेव्हा काळोख झालेला असतो. मग माझं काही झालं तर बरंच झालं म्हणायचं का?”

ताईंनी मोबाइल उलटा करून ठेवला. मग त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि विचारलं, “जेवलीस का?” तिला पिठलंभात वाढलं. ती जेवत असताना भाऊ गॅलरीतून आत आले आणि तिच्या ताटात पापड ठेवून परत गेले.

त्या दिवसानंतर ताईंनी लोकांना समजावणं बंद केलं. मला वाटलं, थकल्या. तसं नव्हतं.

महिन्याभराने एका सांस्कृतिक ट्रस्टचा फोन आला. मालिका गाजली होती, म्हणून वाशीच्या नाट्यगृहात मोठा कार्यक्रम ठेवला होता. ज्यांच्यावरून अभयचं पात्र घेतलं ते निवृत्त अधिकारी वामन निमसे यांचा नागरी सत्कार. शाल आणि नारळ ‘त्या दुर्दैवी मातेच्या हस्ते’ द्यायचा होता. फोनवरचा माणूस फार गोड बोलत होता.

“येते,” ताई म्हणाल्या.

भाऊंना ते पटेना. “कशाला जायचं? काय मिळणार तिथे?”

“मिळायला नाही जात.”

“मग जाच. माईक घे आणि सांग त्यांना, आमची पोर तशी नव्हती.”

“ते नाही सांगणार.”

“का?” भाऊंचा आवाज चढला. मी त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदा चिडलेलं बघितलं. “तशी होती का ती?”

“नव्हती. पण असती तर?” ताई म्हणाल्या. “असती तर त्याने मारलेलं चाललं असतं का? ती गेल्यापासून आठ वर्षं मी सगळ्यांना हेच सांगत बसले की माझी पोर चांगली होती. म्हणजे मी पण कबूलच केलं ना, की वाईट असेल तर मारायला हरकत नाही. त्या मनस्वीच्या आईने काय सांगायचं मग?”

भाऊ खाली बसले. नंतर हळूच म्हणाले, “मी पण येतो.”

जाण्याआधी ताई राहीबाईच्या घरी गेल्या. मला सोबत नेलं. राहीबाईच्या मुलांनी जमिनीच्या पैशात तीन मजली घर बांधलंय, तरी म्हातारी खालच्या ओट्यावरच बसते. ताईंनी विचारलं, “येशील का?” ती म्हणाली, “मना कोनी बोलावला नाय. तू बोलावतेस तं येतंय.”

नाट्यगृह भरलेलं होतं. पुढच्या रांगेत नगरसेवक, कलाकार, चॅनेलची माणसं. आधी मालिकेतले तुकडे दाखवले. खाडीचा प्रसंगही दाखवला, तोच कॅमेरा, तीच मुलगी. लोकांनी अभयच्या वाक्याला टाळ्या वाजवल्या. मग निमसे स्टेजवर आले. केस पांढरे झाले होते, गुडघे दुखत असावेत, पायऱ्या चढताना कठड्याला धरून आले. ताईंचं नाव पुकारलं गेलं. आयोजकांच्या एका मुलीने तबक त्यांच्या हातात दिलं, त्यात शाल आणि नारळ.

ताईंनी तबक टेबलावर ठेवलं आणि निवेदिकेच्या हातातला माईक मागून घेतला.

“मी दीक्षाची आई,” त्या म्हणाल्या. “तुम्ही तिला रिया म्हणता. निमसे साहेबांनी खुनी पकडला, त्याबद्दल मी त्यांना कोर्टात हात जोडलेत. आज परत जोडते. पण शाल मी देणार नाही.”

सभागृहात कुजबुज झाली.

“माझी पोर हरवली तेव्हा मी यांना मारणाऱ्याचं नाव सांगितलं होतं. यांनी मला विचारलं, मित्र किती. तीन दिवस हे तिचे मित्र शोधत होते. तिला कोणी शोधलं नाही. या मालिकेत ते तीन दिवसच नाहीत.”

निवेदिका हसून पुढे आली. “ताईंच्या भावना आपण समजू शकतो,” म्हणाली आणि कोणाला तरी खूण केली. माईक बंद झाला. मागून सनईची रेकॉर्ड सुरू झाली.

ताईंनी बंद माईक तिच्या हातात परत दिला. मग पोरांना बोलावतात त्या आवाजात म्हणाल्या, “सनई थांबवा.”

शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. सनई थांबली. कोणी थांबवली ते मला अजून माहीत नाही.

“माझी मुलगी कशी होती ते सांगायला मी आले नाही,” ताई म्हणाल्या. “ते मी आता कोणालाच सांगणार नाही. ती बारमध्ये गेली असती, तिला दहा मित्र असते, तरी ती माझीच होती आणि तरी तिला मारणारा खुनीच होता. तुम्ही आत्ता ज्या वाक्याला टाळ्या वाजवल्या ना, त्यातलं ‘अशा मुली’ मला तेव्हा ठाण्यातही ऐकवलं होतं. त्यातच तीन दिवस गेले. घरी मुली असतील तुमच्या. त्यांना उद्या उशीर झाला तर तुमच्या हातात पण हेच वाक्य देतील.”

पुढच्या रांगेतला एक माणूस ओरडला, “हा मंच त्यासाठी नाही.”

तेवढ्यात राहीबाई माझ्या शेजारून उठली. ती स्टेजवर गेली नाही. वाटेतच उभी राहून चॅनेलच्या माणसांकडे बोट दाखवून म्हणाली, “ती पोर मना गावली. लोकांनी बगू नाय म्हून मी माजे डोईचा फडका तिचे अंगाव टाकला. तुमी तो काडून टाकला. कशाला काडला? तुमचे घरात बाया नाय का?”

निमसे टेबलाजवळ उभे होते. ते ताईंना म्हणाले, “बाई, शेवटी पकडला तर मीच ना?”

“पकडलात,” ताई म्हणाल्या. “मेल्यावर.”

शाल न घेताच निमसे बाजूच्या दाराने निघून गेले. लाजले की चिडले, सांगता येणार नाही. त्यांच्याबद्दल नंतर काही ऐकलं नाही.

आम्ही बाहेर आलो तेव्हा काही बायका आमच्या मागोमाग उठून आल्या. फार नाही, पंधरा-वीस असतील. बाकीचं सभागृह आतच बसलं आणि कार्यक्रम पुढे चालू राहिला. गाणी झाली, असं दुसऱ्या दिवशी कळलं. रिक्षात भाऊ ताईंचा हात धरून बसले होते. त्यांनी एकदाच विचारलं, “घसा दुखतोय का?”

कोणीतरी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ पसरला. त्याखालीही घाण लिहिणारे होतेच. ‘मुलीला सांभाळता आलं नाही आणि आता भाषण देते,’ असं. ताईंनी ते स्वतः वाचलं, मला वाचून दाखवलं आणि भाकरी थापायला गेल्या. चॅनेलने मालिकेतून खाडीचा प्रसंग कापून लहान केला. ते वाक्य ठेवलं. मनस्वीने एका मुलाखतीत तो प्रसंग कसा चित्रित झाला ते सांगून टाकलं, तेव्हापासून तिला कामं मिळत नाहीत. ती सुट्टीला ताईंकडे येते, भाऊंशी पत्ते खेळते. आशुतोषने सोसायटीच्या मीटिंगमध्ये बदनामीचा विषय काढला. ताई उठून म्हणाल्या, “काढ विषय. मी बोलते त्यावर.” त्याने पुढचा विषय घेतला, पार्किंगचा.

या उन्हाळ्यात आमच्या मागच्या गल्लीतली पायल हरवली. कॉलेजातली पोरगी. तिचे आईवडील रडत ताईंकडे आले. ठाण्यात जाऊन आले होते, तिथे सांगितलं होतं की वाट बघा. ताई चपला घालून निघाल्या. मीही गेले.

टेबलामागे एक तरुण हवालदार होता. त्याने विचारलं, “कोणाबरोबर चालू होतं का तिचं?”

“ते आपण नंतर बोलू,” ताई म्हणाल्या. “आधी लिहून घ्या. नाव, वय, कधी गेली, अंगावर काय होतं, मोबाइल नंबर.”

“बाई, बऱ्याचदा या मुली पळून…”

“गेली असेल पळून. पळून गेलेल्या मुलीला पण शोधायचंच असतं ना? लिहा.” त्या समोरच्या बाकावर बसल्या. “मी बसते इथे. तुमचं चालू द्या.”

त्याने तो व्हिडिओ पाहिला होता की नव्हता, कोण जाणे. पण त्याने लिहून घेतलं आणि नंबर पुढे कळवला. दुसऱ्या दिवशी दुपारी पायल नाशिकला सापडली. एका मुलाबरोबरच गेली होती. तिथे पोचल्यावर त्याने तिचा फोन काढून घेतला होता आणि खोलीला बाहेरून कडी लावून तो निघून गेला होता.

पायलला घेऊन तिचे वडील आणि ताई परत आले तेव्हा तिच्या इमारतीच्या गेटवर बायका जमल्या होत्या. त्यातली एक ताईंना म्हणाली, “बघा, म्हणजे पोलीस म्हणत होते ते खरंच होतं. पळूनच गेलेली.”

“हो,” ताई म्हणाल्या. “खरं होतं.”

मग त्या मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं पायलला म्हणाल्या, “चल गं, वर चल. तुझी आई भात लावतेय. कोणी काही विचारलं तर मला सांग.” आणि तिच्या दंडाला धरून त्या बायकांच्या मधून तिला घेऊन गेल्या. बायका बाजूला झाल्या.